जुन्या विद्यापीठ इमारती बांधल्या कशा, बदलल्या कशा, खचतात का: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी सोलापुरात जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीची कामं बघतो. कॉलेजांचे माजी विद्यार्थी, ट्रस्टी, कधी कधी नुसते उत्सुक लोक, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून टाकतोय. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळीत उरकलीत, चालवून घ्या.

प्र. सोलापूरचं विद्यापीठ तर २००४ चं. मग तुम्ही जुनी विद्यापीठ इमारत कुठली म्हणताय?

बरोबर आहे. केगावचं आपलं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं, २०१९ ला त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं, तिथल्या इमारती अजून तरण्या आहेत. पण त्याआधी सोलापूरची पोरं काय शिकतच नव्हती का? दयानंद कॉलेज १९४० चं, तेव्हा आपण मुंबई विद्यापीठाखाली होतो. १९४९ ला पुणे विद्यापीठ निघालं तसं तिकडं गेलो, मग १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं तसं तिकडं. त्यामुळे एकाच घरात पणजोबांची डिग्री मुंबईची, आजोबांची पुण्याची, आईची कोल्हापूरची आणि नातीची केगावची असं सहज सापडतं. म्हणून मुंबईचा राजाबाई टॉवर आणि गणेशखिंडीतली पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत या दोन्ही थोड्याफार आपल्याही आहेत असं मी धरून चालतो. आणि त्यांना जे झालं तेच आपल्या गावातल्या जुन्या कॉलेज-शाळांच्या इमारतींना होतंय, फक्त इथं बघायला कोणी येत नाही.

प्र. राजाबाई टॉवर इंग्रजांनी बांधला ना? मग त्याला आपल्या बाईचं नाव कसं?

पैसा आपल्या माणसाचा होता म्हणून. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं अफाट कमावलं आणि विद्यापीठाच्या लायब्ररीला आणि टॉवरला मोठी देणगी दिली, टॉवरला आईचं, राजाबाईंचं नाव द्यायचं असं ठरवून. आई जैन, डोळ्यांनी दिसत नव्हतं, सूर्यास्ताआधी जेवायचं तर वेळ कळावी म्हणून घड्याळाचे टोले, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, खरी किती ते सोडा.

डिझाइन सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचं, आणि हा माणूस भारतात कधी आलाच नाही! लंडनमधून ड्रॉइंग पाठवली, प्रत्यक्षात उभं केलं इथल्या इंजिनिअरांनी, पाथरवटांनी आणि गवंड्यांनी. पायाभरणी १ मार्च १८६९, काम संपलं नोव्हेंबर १८७८ ला. उंची २८० फूट म्हणजे ८५ मीटर, खर्च साधारण साडेपाच लाख. शेजारचा पदवीदान सभागृहाचा हॉलही स्कॉट यांचाच, १८७४ ला पूर्ण झाला, त्याला कावसजी जहांगीर यांचा पैसा. त्या हॉलच्या गोल रंगीत काचेच्या खिडकीत बारा राशी आहेत, मुंबईला गेलात आणि आत सोडलं तर मान वर करून बघा.

आता आपल्यासाठी गंमतीची गोष्ट म्हणजे टॉवर पूर्ण व्हायच्या आदल्याच वर्षी, १८७७ ला, सोलापुरात आपली जुनी गिरणी निघाली. कापसानं तिकडं टॉवर दिला आणि इकडं भोंगा.

प्र. आणि पुण्याची? ती तर राजवाड्यासारखी दिसते.

विद्यापीठ म्हणून ती बांधलेलीच नाही. ते मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळ्यात राहायचं घर होतं. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६४ ला काम सुरू झालं, आर्किटेक्ट जेम्स ट्रबशॉ, पूर्ण झालं १८७१ ला. विलायतेत राणीचं ऑस्बोर्न हाऊस म्हणून जे आहे त्याच्या धर्तीवर, तसाच एका बाजूला उंच मनोरा. सुरू केलं तेव्हा कापसाची तेजी होती, युद्ध संपलं, भाव कोसळले, प्रेमचंदही बुडाले, आणि हे बांधकाम मात्र चालूच. बिल गेलं पावणेदोन लाख पौंडांवर, त्यावरून थेट ब्रिटिश पार्लमेंटात बोंबाबोंब झाली. बजेट ओव्हर जाणं ही आजची गोष्ट नाही हो. (१८९७ ला चाफेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या तो याच बंगल्यावरच्या समारंभातून परतत होता, हे बहुतेकांना माहीत असतंच.)

इमारतीच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की १९४९ पासून घराचं ऑफिस झालं. नाचायच्या, जेवायच्या, झोपायच्या खोल्यांत टेबलं, कपाटं, फायली आणि मीटिंगा आल्या. हे पुढच्या एका प्रश्नात लागणार आहे, लक्षात ठेवा.

प्र. सिमेंट नव्हतं तर एवढं टिकलं कसं?

आपल्या देशात सिमेंट नीट मिळायला लागलं ते १९१४ ला पोरबंदरचा कारखाना सुरू झाल्यानंतर. त्याआधीचं जे काही दगडी उभं आहे ते चुन्यात आहे. आपल्याकडं तर चुन्याला तोटाच नव्हता, काळ्या रानात नांगर लावला की चुनखडीचे पांढरे खडे वर येतात, तेच भट्टीत भाजायचे, विझवायचे, मग वाळू किंवा विटांची सुरखी घालून बैलाच्या घाण्यात दगडी चाकाखाली तासन् तास मळायचं. कुठं गूळ, कुठं हिरड्याचं पाणी. जुने वडार कारागीर अजून सांगतात की घाई केलेला चुना पुढं दगा देतो.

चुन्याचे दोन गुण आहेत. एक, तो थोडा लवचिक असतो, भिंत किंचित हलली तर तो केसाएवढ्या भेगा घेतो, आणि पाणी-हवा लागून त्यातल्या बारीक भेगा परत भरूनही येतात. दुसरा, तो ओल बाहेर सोडतो. भिंतीत पाणी शिरणारच, जमिनीतून वर येतं, गच्चीतून खाली येतं, पण सांध्यातल्या चुन्यातून ते वाळून जातं.

आणि भिंत म्हणजे आख्खा दगड नसतो बरं का. बाहेर घडीव दगडाचं तोंड, आतल्या बाजूला दुसरं तोंड, आणि मधे डबर आणि चुन्याचा भराव. दोन्ही तोंडं बांधून ठेवायला मधे मधे आरपार लांब दगड घालतात. ते आरपार दगड आहेत की नाहीत यावर त्या भिंतीचं सगळं आयुष्य अवलंबून.

प्र. मग आता ओल आली, सांधे उघडे पडले, तर सिमेंटनं दरजा भरून घेतल्या तर काय बिघडलं? मजबूतच होईल ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त नुकसान यानंच झालंय.

सिमेंट घट्ट, पाणी बाहेर सोडत नाही. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात प्लॅस्टिकचा रेनकोट घालून फिरा, भिंतीला काय वाटतं ते कळेल. आतली ओल सांध्यातून निघायची ती आता दगडाच्या तोंडातून निघायला बघते, सोबत क्षार आणते, ते क्षार पृष्ठभागाच्या मागं वाळून फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. आपला काळा दगड चिवट आहे, तो पटकन सुटत नाही, त्यामुळे आपल्याकडं आतला भरावच भिजून पोकळ होतो आणि बाहेरून दोन-चार पावसाळे काही कळत नाही. मुंबईचा टॉवर कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा आणि कोरीव काम पोरबंदरच्या मऊ चुनखडी दगडाचं, वर समुद्राची खारी हवा, तिथं दगडाचं तोंडच आधी झिजतं. म्हणजे दोन्हीकडं गुन्हेगार पाणीच, फक्त तो घुसतो वेगवेगळ्या जागी.

सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइल पेंट, त्यावर खालच्या तीन फुटात चकचकीत टाइल्स, कारण "ओल दिसते, बरं दिसत नाही". टाइल्स लावल्यावर ओल तीन फुटावरनं सहा फुटावर दिसते. मग सहा फूट टाइल्स.

प्र. आमच्या कॉलेजची इमारत शंभर वर्षं नीट होती, गेल्या वीस वर्षांतच का खराब झाली? म्हातारपण?

म्हातारपण हे उत्तर मला मान्य नाही. मी आधी विचारतो की वीस वर्षांत नवीन काय काय केलं, आणि यादी निघते.

गच्चीवर पाण्याच्या टाक्या. सोलापूरला वर्षानुवर्षं पाणी काही दिवसांआड, त्यामुळे जो तो साठवणार, कोणाला दोष देणार? पण ५००० लिटरची टाकी भरली की ५ टन, आणि अशा चार टाक्या एका ओळीत, जिथं जागा मोकळी दिसली तिथं, खाली भिंत आहे का दोन खणांचा मधला भाग हे न बघता. वर त्या ओव्हरफ्लो होतात.

वरच्या मजल्यावर संडास-बाथरूम. जुन्या इमारतीत हे नेहमी बाहेर, मागं, वेगळं असायचं. आता सोय हवी, हवीच, पण लाकडी तुळयांच्या किंवा लोखंडी गर्डरच्या मजल्यावर पाण्याची लाइन आणि ड्रेनेज नेलं की एक सांधा तरी गळणारच. लाकडाची टोकं भिंतीत असतात, तिथंच कुजतात, वरून तुळई एकदम ठणठणीत दिसते. गर्डर असेल तर गंजतो, आणि गंज म्हणजे लोखंड फुगणं, मूळ जाडीच्या कितीतरी पट, ते फुगणं आजूबाजूचं सगळं उचलून फोडतं.

फाइली! राहत्या घराच्या मजल्यावर हिशेबात चौरस मीटरला २०० किलो वजन धरतात. पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला आपला आयएस कोड (बांधकामाचं भारतीय मानक) ६०० किलो धरायला सांगतो, रॅक उंच असतील तर त्याहून जास्त. म्हणून मी वर पुण्याचं सांगितलं, घर म्हणून बांधलेल्या कुठल्याही इमारतीचं ऑफिस होतं तेव्हा हा तिप्पट भार गुपचूप येऊन बसतो. तीस वर्षांच्या उत्तरपत्रिका कोण उचलणार, म्हणून त्या तशाच, शक्यतो वरच्या मजल्यावर, कारण खाली ओल आहे.

व्हरांडे बंद करणं, पार्टिशन टाकणं, कमानी बुजवून खिडकीला एसी. व्हरांडा हा नुसता चालायचा रस्ता नसतो, उन्हा-पावसात मुख्य भिंतीची छत्री असते. फॉल्स सीलिंग तर मला सगळ्यात घातक वाटतं, कारण वर गळती चालू आहे हे प्लास्टर डोक्यात पडेपर्यंत दिसत नाही.

आणि शेवटचं, ज्याकडं कोणीच बघत नाही, ते म्हणजे आवार वर येणं. दर काही वर्षांनी मुरूम टाकला, डांबर टाकलं, मग पेव्हर ब्लॉक बसवले. जोतं दोन फूट होतं ते आता सहा इंच उरलंय, जोत्यातली हवेची भोकं बुजली, आणि उतार उलटा होऊन पावसाचं पाणी भिंतीकडंच येतंय. मग तिथं लॉन लावतात. रोज सकाळी भिंतीला पाणी घालायचं म्हणजे!

प्र. काळ्या मातीचा यात काय संबंध?

लय मोठा संबंध. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतात सगळ्यांनी बघितलंय. जुन्या लोकांनी मोठ्या इमारतींचे पाये माती काढून खाली मुरमापर्यंत नेले, म्हणून त्या शांत बसल्या. गडबड होते ती नंतर जोडलेल्या भागांची. मुख्य इमारत मुरमावर, तिला चिकटून बांधलेलं नवीन ऑफिस किंवा जिना दोन-तीन फुटांच्या पायावर. तो भाग दर मोसमात वर-खाली होतो आणि जोडाच्या जागी भेग पडते. लोक म्हणतात जुनी भिंत फुटली. अहो, तिला बाजूच्यानं ओढलं.

प्र. भेग बघून कळतं का धोका किती?

थोडंफार कळतं. भेग वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर बहुतेक इमारतीचं टोक बसतंय, खाली रुंद आणि वर निमुळती असेल तर मधला भाग बसतोय. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग ही पाया हलल्याची नेहमीची खूण. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खालून आडवी सरळ जाणारी भेग असेल तर बऱ्याचदा ते ऊन असतं. आपल्याकडं चाळीसच्या वर पारा गेला की नंतर टाकलेला आरसीसी स्लॅब तापून पसरतो आणि खालच्या दगडी भिंतीला ढकलतो.

पण एकदा बघून निदान करू नये. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा, मधे काचेची बारीक पट्टी दोन्ही बाजूला पक्की चिकटवा. काच तुटली तर हालचाल चालू आहे. किमान एकदा मे महिना आणि एकदा सप्टेंबर महिना जाऊ द्या, कारण काळ्या मातीतली भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसात मिटते, आणि नेमकी मे मधे बघितलेली भेग पाहून लोक घाबरून इमारत खाली करायला निघतात.

भेगेपेक्षा मला भीती वाटते पोट सुटलेल्या भिंतीची. ओळंबा लावा, मधला भाग बाहेर आलेला दिसला तर आतला भराव खाली बसून दोन्ही तोंडं एकमेकांपासून सुटायला लागलीत. यात वाट बघायची नाही, टेकू द्यायचे आणि माणसं बाहेर.

प्र. किल्लारीच्या भूकंपाचा आपल्या इमारतींवर परिणाम झाला असेल का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सोलापुरात कोण झोपून राहिलं होतं? तो भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमधे होता, तरी दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक जाड दगडी भिंतींखाली. भिंती जाड होत्या पण मातीत रचलेल्या, गोल गुंड्यांच्या, आरपार दगड नाहीत, वर माळवदाचं मातीचं ओझं. दोन तोंडं दोन दिशेला सुटली. चुन्यात घडीव दगडानं बांधलेली संस्थेची इमारत आणि ते घर यात फरक आहे हे खरं, पण ज्या इमारतीत भराव भिजून पोकळ झालाय तिची तऱ्हा त्याच दिशेनं चाललीय. तुमच्या इमारतीची १९९३ नंतर कोणी तपासणी केली होती का हे दप्तरात शोधा, बहुतेक ठिकाणी नुसतं प्लास्टर मारून रंग दिलेला असतो.

प्र. स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे का?

हो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६५अ, वापर सुरू होऊन ३० वर्षं झालेल्या इमारतीचं ऑडिट करून घ्यायचं. धोकादायक असेल तर कलम २६४ ची नोटीस येते. रिपोर्टमधे सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा, सी-२ब म्हणजे न हलवता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ.

आता माझी तक्रार. दगडी इमारतीच्या ऑडिटला लोक रिबाउंड हॅमर घेऊन येतात. ते काँक्रीटचं यंत्र आहे हो, दगडावर मारून दगडच कडक आहे एवढं कळणार, ते आम्हाला आधीच माहीत होतं. चुन्याच्या दगडी भिंतीला सांध्यातून बारीक कॅमेरा आत घालून भराव बघणं, फ्लॅट जॅक लावून भिंतीवरचा ताण मोजणं, लाकडाची टोकं ड्रिलनं तपासणं, गच्ची आणि ड्रेनेजचा नकाशा काढणं, हे लागतं. रिपोर्टमधे नुसते हॅमरचे आकडे आणि शेवटी "सी-१" असेल तर दुसऱ्या, जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय सही करू नका.

प्र. शंभर वर्षं झाली की इमारत आपोआप हेरिटेज होते ना?

नाही. पालिकेच्या किंवा पुरातत्त्व खात्याच्या यादीत नाव लागतं. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या इमारती तर २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या समूहात आहेत.

प्र. नीट दुरुस्ती झालेलं एखादं उदाहरण द्या, नाहीतर सगळं निराशाच.

राजाबाई टॉवर आणि लायब्ररीच घ्या. २०१३ ते २०१५ काम झालं, इंडियन हेरिटेज सोसायटीनं करवलं, आर्किटेक्ट ब्रिंदा सोमाया, पैसा टीसीएसचा, चार कोटींच्या वर. रंगीत काचा, लाकूडकाम, फरश्या, दगड, सगळ्याला हात लागला. दोन वर्षं लागली हे ट्रस्टींना मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडं दिवाळीच्या सुट्टीत उरकून द्या म्हणतात.

प्र. एवढा खर्च करण्यापेक्षा पाडून नवीन टोलेजंग बांधलं तर?

कलकत्ता विद्यापीठानं केलं तसं. १८७० च्या दशकातलं त्यांचं सिनेट हाऊस, मोठाले खांब, रुंद पायऱ्या, १९६० ला पाडलं, शताब्दीची नवी इमारत बांधायला. आज तिथले लोक जुने फोटो बघत बसतात. तेच मद्रास विद्यापीठाचं सिनेट हाऊस, रॉबर्ट चिझमचं, १८७९ ला पूर्ण झालेलं, पडीक झालं होतं, पण दुरुस्त केलं आणि उभं आहे. आणि पैशाचं म्हणाल तर टेंडर मागवताना नवीन बांधकामाच्या आकड्यात पाडायचा, राडारोडा हलवायचा आणि तोवर वर्ग दुसरीकडं भरवायचा खर्च धरलाय का ते विचारा, बहुतेक वेळा नसतो.

प्र. बजेट नाही. यंदा पावसाच्या आधी निदान काय करू?

गच्चीची पन्हळं आणि जाळ्या मे संपायच्या आत साफ करा, आणि सप्टेंबरात परत करा, कारण आपला खरा पाऊस परतीचा असतो. भिंतीलगतचे पेव्हर ब्लॉक तीन-चार फूट काढून उतार बाहेरच्या बाजूला करा. लॉन बंद. टाक्या खाली भिंत असेल तिथं सरकवा किंवा सरळ जमिनीवर घ्या. उत्तरपत्रिकांचं जे करायचं ते रजिस्ट्रारला विचारून करा, पण वरच्या मजल्यावरून हलवा. सुटलेल्या दरजा चुन्यातच भरा, गवंडी नाही म्हणाला तर दुसरा बघा. आणि भिंतीतला पिंपळ नुसता वरून छाटू नका, दुप्पट जोमानं येतो, मूळ मारायचं औषध लावून ते पूर्ण वाळल्यावरच आसपासचे दगड मोकळे करून काढा, हिरवं असताना ओढलं तर मुळासोबत भिंतीचा तुकडाही हातात येईल.